क्रोएशियाचे चित्रपट निवडताना: एक नट, दोन चित्रपट

नाशिकला आमचं एक छोटं चित्रपट मंडळ आहे. दर वर्षी एक देश ठरवायचा आणि लागोपाठच्या दोन शनिवारी त्या देशाचे दोन चित्रपट दाखवायचे, एवढाच आमचा खटाटोप. यंदा क्रोएशिया ठरला. देश ठरायला पाच मिनिटं लागली, पण दोन चित्रपट कोणते यावर तीन बैठका गेल्या. त्या बैठकांसाठी मी जे पाहिलं, जे पुन्हा पाहिलं, त्यातून हा आढावा तयार झाला. दोनच संध्याकाळी हाताशी असतील आणि क्रोएशियाचं नाट्यमय कथापटांचं दालन पहिल्यांदाच उघडायचं असेल, तर नेमकं काय बघावं, हा प्रश्न ज्यांना पडलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिल्या बैठकीत सगळ्यांना सुचली ती वाटणी सोपी होती. एक युद्धाचा चित्रपट घेऊ, एक समुद्रकाठचा घेऊ. युगोस्लाव्हिया या जुन्या एकत्र देशातून वेगळं होताना क्रोएट आणि सर्ब यांच्यात झालेलं १९९१ ते १९९५ चं युद्ध आणि एड्रियाटिकचा निळा किनारा, या दोन गोष्टींमुळेच तर तो देश आपल्याला ठाऊक आहे. ही वाटणी मला पटली नाही. तशी निवड केली की दोन्ही चित्रपट आपल्याला आधीच माहीत असलेलं पुन्हा सांगतात. शिवाय युद्धाचा चित्रपट वेगळा काढताच येत नाही. ज्या घरात युद्धाचा शब्दही निघत नाही, तिथेही ते जेवणाच्या टेबलाशी बसलेलं असतं.

म्हणून मी दुसरा रस्ता सुचवला. एक नट किंवा नटी निवडायची आणि तिचेच दोन चित्रपट बघायचे.

यामागे कारण आहे. २०२१ च्या जनगणनेत क्रोएशियाची लोकसंख्या ३८ लाख ७१ हजार भरली. आपल्या एकट्या नाशिक जिल्ह्याची २०११ मध्येच ६१ लाखांवर होती. एवढ्या लहान देशात मोजके नट वर्षानुवर्षं फिरून फिरून समोर येतात. एका चित्रपटात जो खुनावर पांघरूण घालणाऱ्यांच्या विरोधात उभा राहतो, तोच दुसऱ्यात बायको-मुलीवर हुकूम गाजवतो. तिथल्या प्रेक्षकाला हे सगळं एका चेहऱ्यावर साठत गेलेलं दिसतं. आपण एकच चित्रपट बघितला तर त्या साठ्याला मुकतो, दोन बघितले तर त्यातलं थोडं तरी हाती लागतं. शिवाय नटांची ये-जा सीमा मानत नाही. बोस्नियातल्या साराजेव्होचे, सर्बियातल्या बेलग्रेडचे कलावंत क्रोएशियाची राजधानी झाग्रेबच्या चित्रपटात असतात, झाग्रेबचे तिकडे जातात. युगोस्लाव्हिया फुटला तरी भाषा एकमेकांना कळतात, आणि नाटक-चित्रपटवाल्यांनी ती वाट बुजू दिली नाही.

भाषेवरून एक गंमत सांगायलाच हवी. क्रोएशियन बोलींचे तीन मोठे गट आहेत आणि त्यांची नावं ‘काय’ या प्रश्नार्थक शब्दावरून पडली आहेत. एका गटात ‘काय’ला ‘श्तो’ म्हणतात, बेटांवर नि किनाऱ्याच्या काही भागांत ‘चा’ म्हणतात, आणि झाग्रेबच्या आजूबाजूला चक्क ‘काय’ म्हणतात. अर्थही तोच, उच्चारही तोच. अनोळखी भाषेच्या ओघात अचानक आपला ‘काय’ कानावर पडला की अंगावर काटा येतो. बोलीचा हा फरक चित्रपटात फार बोलका असतो. झाग्रेबचा माणूस आणि दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरचा माणूस तोंड उघडताच तिथल्या प्रेक्षकाला ओळखू येतो. सबटायटल वाचताना हे निसटतं, म्हणून कान उघडे ठेवा.

आता जोड्या. मी चार मांडल्या. चारही सारख्या तोलाच्या नाहीत, आणि तसं भासवतही नाही.

गोरान मार्कोविच: ‘झ्विझदान’ की ‘सिगुर्नो म्येस्तो’

नाव शोधताना सावध राहा. याच नावाचा एक ज्येष्ठ सर्बियन दिग्दर्शकही आहे आणि शोधात आधी तोच सापडतो. आपल्याला हवा आहे तो क्रोएशियाचा तरुण नट.

‘झ्विझदान’ म्हणजे डोक्यावर तळपणारं भर दुपारचं ऊन. दालिबोर मातानिचचा हा २०१५ चा चित्रपट. कान महोत्सवात ‘अं सर्तं रगार’ विभागात त्याला ज्यूरी पारितोषिक मिळालं. शेजारशेजारच्या गावांतल्या तीन प्रेमकथा आहेत, १९९१, २००१ आणि २०११ या तीन सालांतल्या. मुलगी सर्ब, मुलगा क्रोएट. तिन्ही गोष्टींत पात्रं वेगळी, नावं वेगळी, पण नट तेच: तिहाना लाझोविच आणि गोरान मार्कोविच. पहिल्या गोष्टीत युद्ध दारात आलंय आणि दोघं शहरात पळून जायच्या बेतात आहेत. दुसऱ्या गोष्टीत युद्ध संपलंय, मायलेकी आपल्या पडक्या घरी परतल्यात आणि घर दुरुस्त करायला जो गवंडीकाम-सुतारकाम करणारा येतो तो ‘त्यांच्यातला’ आहे. तिसऱ्या गोष्टीत मुलगा बऱ्याच वर्षांनी गावी येतो. ज्या मुलीला तो सोडून गेला, ती तिथेच आहे.

मधली गोष्ट माझ्या मते सगळ्यांत सरस आहे. तिच्यात बोलणं जवळजवळ नाहीच. दार घासणं, काच बसवणं, भिंत सारखी करणं चाललेलं असतं आणि मुलगी त्या माणसाकडे ज्या रागाने बघते तो राग हळूहळू दुसऱ्याच कशाकडे झुकतो, हे तिलाही नको असतं. लाझोविच इथे थक्क करते. मार्कोविचचं काम त्याहून अवघड आहे. त्याला फक्त काम करत राहायचंय, मान खाली घालून, आपल्यावर रोखलेली नजर अंगावर घेत. २०१६ मध्ये लाझोविचची युरोपच्या ‘शूटिंग स्टार्स’मध्ये, म्हणजे दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या नव्या दमाच्या कलावंतांत, निवड झाली, त्यात नवल नाही. तिसरी गोष्ट मला किंचित सैल वाटते. पार्टीचा भाग लांबतो. पण शेवटची काही मिनिटं सगळं भरून काढतात.

‘सिगुर्नो म्येस्तो’ म्हणजे सुरक्षित जागा. युराय लेरोतिचचा २०२२ चा पहिला मोठा चित्रपट. इथे युद्ध नाही, गाव नाही, प्रेमकथा नाही. ब्रुनो नावाचा माणूस धावत एका इमारतीत शिरतो, दार फोडतो. आत त्याच्या भावाने, दामीरने, जीव द्यायचा प्रयत्न केलेला असतो. तिथून पुढे दवाखाना, पोलीस, मनोरुग्णालय, आई, झाग्रेब ते स्प्लिट असा प्रवास. जेमतेम एका दिवसाचा काळ. दिग्दर्शकाने स्वतःच्या घरात घडलेलं मांडलंय आणि ब्रुनोची भूमिका स्वतःच केलीय. भाऊ झालाय गोरान मार्कोविच.

लोकार्नो महोत्सवात नव्या दिग्दर्शकांच्या विभागात मार्कोविचला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, लेरोतिचला उदयोन्मुख दिग्दर्शकाचा, आणि चित्रपटाला सर्वोत्कृष्ट पदार्पणाचा. पुरस्कार बाजूला ठेवले तरी, मी गेल्या काही वर्षांत पाहिलेल्या अभिनयात हे काम सगळ्यांत वरचं आहे. दामीर ओरडत नाही, रडत नाही. विचारलेल्या प्रश्नाला सभ्यपणे उत्तर देतो. सांगितलं तिथे बसतो. आणि बघणाऱ्याला प्रत्येक क्षणी वाटत राहतं की हा माणूस इथे नाहीये. कॅमेरा बहुतेक वेळ हलत नाही, दूर उभा असतो, आणि डॉक्टर, पोलीस, नर्स आपापलं काम नियमाप्रमाणे करत जातात. कुणी दुष्ट नाही. तरीही प्रत्येक दाराशी एक फट राहून जाते, आणि त्या फटींकडे बघताना माझे हात गार पडले.

‘झ्विझदान’मध्ये मार्कोविच तीन वेगवेगळी माणसं उभी करतो, ‘सिगुर्नो म्येस्तो’मध्ये एकच माणूस डोळ्यांदेखत कमी होत जाताना दाखवतो. अभिनय शिकणाऱ्या मुलामुलींनी ही जोडी न चुकवता बघावी. प्रायोगिक नाटक करणाऱ्या आमच्या एका तरुण सभासदाने दोन्ही पाहिल्यावर मला फक्त एवढंच विचारलं, की दुसऱ्या चित्रपटात तो श्वास कुठे घेतो हे पाहिलंत का. मी पाहिलं नव्हतं. पुन्हा पाहिला तेव्हा दिसलं.

तरी आमच्या मंडळासाठी मी ही जोडी मागे ठेवली. ‘सिगुर्नो म्येस्तो’ सांगितल्याशिवाय कुणालाही दाखवू नये. प्रेक्षकांत कुणाच्या घरी काय घडलंय ते आपल्याला माहीत नसतं. दाखवायचाच असेल तर विषय आधी जाहीर करा, मध्येच उठून जायची मोकळीक ठेवा, आणि ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक पत्रकावर छापा. घरी बघणार असाल तर एकट्याने रात्री बघू नका.

क्सेनिया मारिन्कोविच: ‘स ओने स्त्राने’ आणि ‘उस्ताव’

ही जोडी योगायोगाने जुळलेली आहे आणि म्हणूनच अनमोल आहे. दोन्ही चित्रपट २०१६ चे, दोन्ही झाग्रेबमधले, आणि दोन्हींत मारिन्कोविच नर्स आहे. दिग्दर्शक मात्र दोन टोकांचे.

झ्रिन्को ओग्रेस्ताच्या ‘स ओने स्त्राने’चा अर्थ ‘पलीकडून’. व्हेस्ना पन्नाशीची, रुग्णांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणारी नर्स. मुलं मोठी झालीत. एके दिवशी फोन येतो. पलीकडे नवरा. वीस वर्षांपूर्वी युद्धात तो दुसऱ्या बाजूला गेला, त्याच्यावर युद्धगुन्ह्याचा ठपका आला, आणि त्या ठपक्याखाली हिने आणि मुलांनी आयुष्य काढलं. आता तो बेलग्रेडमधून बोलतोय. आवाज आहे लाझार रिस्तोव्स्कीचा, सर्बियातला फार मोठा नट. पुढे जे होतं ते सांगणार नाही, कारण शेवटी चित्रपट तुम्हाला पहिल्यापासून पुन्हा विचार करायला लावतो.

मारिन्कोविचला इथे काय करायचंय? फोन कानाला लावून ऐकायचंय. चित्रपटाचा कणाच तो आहे. ऐकताना ती स्वयंपाकघरातलं काहीतरी हातात घेते, ठेवते, खिडकीशी जाते. ओग्रेस्ताचा कॅमेरा तिला काचेतून, दाराच्या चौकटीतून, लांबून बघतो. त्याच्या २००८ च्या एका चित्रपटाचं नावच ‘काचेमागे’ असं आहे, म्हणजे ही नजर त्याला आजची नाही. आमच्या मंडळात एक निवृत्त परिचारिका आहेत, आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. ताई म्हणाल्या, “हिला दुसऱ्यांच्या घरात कसं वावरायचं ते ठाऊक आहे. स्वतःच्या घरातही ती तशीच वावरते, बघा.” त्या एका वाक्यानंतर मी हा चित्रपट वेगळ्या डोळ्यांनी पाहिला.

‘उस्ताव रेपुब्लिके हर्वात्स्के’ म्हणजे ‘क्रोएशिया प्रजासत्ताकाची राज्यघटना’. दिग्दर्शक रायको गर्लिच, प्रागच्या फामू चित्रपटशाळेत शिकून आलेल्या पिढीतला, १९८१ सालापासून कान महोत्सवाला परिचित असलेला. २०१६ मध्ये माँट्रियल महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार याला मिळाला. कथा एका इमारतीतल्या चार माणसांची. व्येको हा शाळेत शिकवणारा, कट्टर राष्ट्रवादी विचारांचा, समलिंगी माणूस. त्याचे वडील दुसऱ्या महायुद्धातल्या फासिस्ट उस्ताशा राजवटीचे अधिकारी, आता अंथरुणाला खिळलेले. एका रात्री व्येको बाईच्या वेशात बाहेर पडतो आणि गुंड त्याला बेदम मारतात. दवाखान्यात त्याची शुश्रूषा करणारी माया त्याच्याच इमारतीत राहते. ती मारिन्कोविच. मायाचा नवरा आन्ते पोलीस आहे आणि जन्माने सर्ब. त्याला घटनेवरची परीक्षा द्यायचीय आणि डिस्लेक्सियामुळे वाचलेलं लक्षात राहत नाही. माया व्येकोला गळ घालते: मी तुमचं बघते, तुम्ही ह्याला शिकवा.

खात्याच्या परीक्षेसाठी रात्री स्वयंपाकघरात बसून कलमं पाठ करणारा पोलीस आपल्याला काही नवा नाही. इथे ती कलमं डिसेंबर १९९० मध्ये स्वीकारलेल्या घटनेतली आहेत, आणि समतेचं कलम ज्याला शिकवायचं त्याच्याशी हात मिळवायलाही मास्तर तयार नसतो. एकामागून एक शिकवण्या होत जातात आणि दर वेळी खोलीतली हवा थोडीशी बदलते. फक्त थोडीशी. गर्लिच कुणालाही रातोरात चांगलं करत नाही, हे मला सगळ्यांत भावलं.

व्येकोची भूमिका केलीय नेबोयशा ग्लोगोवात्स याने. सर्बियाच्या रंगभूमीवरचा आणि चित्रपटांतला हा मोठा नट इथे सर्बद्वेष्टा क्रोएट झालाय. त्याच्या तोंडी जे शब्द आहेत ते त्याच्याच लोकांविरुद्धचे आहेत, आणि तो ते अजिबात हात न आखडता म्हणतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये, वयाची पन्नाशी गाठण्याआधीच, तो गेला. आन्तेच्या भूमिकेत देयान आचिमोविच आहे. दणकट अंगाचा, लाजरा, पुस्तक उघडलं की शाळकरी पोराएवढा होणारा. या दोघांमध्ये माया. ग्लोगोवात्सला पुरस्कारांचे प्रसंग मिळालेत, पण चित्रपट चालवते माया. ती बडबडी आहे, भोचक आहे, कामाची आहे. दोन पुरुष आपापल्या जखमा कुरवाळत बसलेले असताना ही जेवणाचं, औषधाचं, उद्याचं बघते.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. एकच पेशा, एकच शहर, एकच वर्ष. व्हेस्ना गप्प आहे आणि तिच्या गप्पपणाखाली काय आहे हे आपण शेवटपर्यंत चाचपतो. माया बोलतच असते, आणि तिच्या बोलण्याखाली काही लपलेलं नाही, तिचा चांगुलपणा तसाच उघडा पडलेला आहे. या दोन बायका एकाच देहातून काढणं हे साधं काम नाही. युद्धाबद्दल म्हणाल तर पहिला चित्रपट विचारतो की झाल्या गोष्टीची शिक्षा कोण भोगतं. दुसरा विचारतो की शेजाऱ्याशी आता जगायचं कसं. दोन्ही प्रश्न एकाही बंदुकीशिवाय विचारले जातात.

अडचणीही सांगतो. ‘उस्ताव’मध्ये संवाद दाट आहेत, सबटायटलं भराभर जातात. आमच्याकडे ज्येष्ठ मंडळी बरीच, इंग्रजी वाचायचा वेग सगळ्यांचा सारखा नाही. यावर उपाय म्हणून मी दोन पानांचं मराठी टिपण तयार केलं: चार पात्रं, त्यांची नाती, आणि उस्ताशा म्हणजे कोण. टिपण वाचून बसलेल्याला फारसं अडत नाही. मारहाणीचा प्रसंग सुरुवातीलाच येतो, तोही आधी सांगून ठेवा. ‘स ओने स्त्राने’ला ही अडचण नाही, पण तो संथ आहे. पहिल्या वीस मिनिटांत काहीच घडत नाही असं ज्यांना वाटेल, त्यांनी धीर धरावा. दोन्ही दीड तासाच्या आसपासचे आहेत, त्यामुळे नंतर चर्चेला वेळ उरतो.

एमिर हाजीहाफिझबेगोविच: दोन बाप

हा मूळचा बोस्नियातल्या तुझ्लाचा. ओग्न्येन स्विलिचिच या क्रोएशियन दिग्दर्शकाने त्याला दोनदा बाप केलं.

‘आर्मिन’ २००७ चा. बोस्नियातल्या गावातून बाप आपल्या पोराला घेऊन झाग्रेबला निघतो. तिथे एक जर्मन चित्रपट बनतोय, पोराची निवड होईल, ॲकॉर्डियन वाजवून दाखवेल, एवढीच आशा. बाप पोरासाठी हॉटेलात, लिफ्टमध्ये, चित्रपटवाल्यांपुढे अवघडून उभा राहतो, आणि पोराला त्या अवघडलेपणाची लाज वाटते. मुलाला परीक्षेला, मुलाखतीला, कुठल्याशा ऑडिशनला घेऊन मोठ्या शहरात उतरलेला बाप आपण एसटी स्टँडवर हजारदा पाहिलाय. मला माझेच वडील आठवले.

‘ताक्वा सु प्राविला’ म्हणजे ‘नियम असेच आहेत’, २०१४ चा. इथे बाप झाग्रेबमध्ये बस चालवतो. सतरा वर्षांच्या मुलाला कुणीतरी मारहाण करतं, दवाखाना काही विशेष नाही म्हणून घरी पाठवतो, आणि मग सगळं कोसळतं. आईच्या भूमिकेत यास्ना झालित्सा आहे, तितकीच ताकदीची. व्हेनिसच्या ‘ओरिझ्झोन्ती’ विभागात हाजीहाफिझबेगोविचला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

एकाच संध्याकाळी दोन चित्रपट बघायचे असतील तर मात्र ही जोडी घेऊ नका, दुसरा चित्रपट पहिल्याची ऊब पुसून टाकतो. एकच बघणार असाल, आणि घरच्या सगळ्यांसोबत, तर या संपूर्ण आढाव्यातला माझा कौल ‘आर्मिन’ला. मोठ्यांना आणि शाळकरी मुलांना एकत्र बसवता येईल असा यातला हा एकच.

लेओन लुचेव: ‘स्व्येदोत्सी’ आणि ‘मुरिना’

युद्ध आणि समुद्र ही जोडी हवीच असेल, तर ती लुचेवच्या अंगाने बघा. निदान मधे एक माणूस तरी राहील. लुचेव स्वतः शिबेनिकचा, किनाऱ्यावरचा.

विन्को ब्रेशानचा ‘स्व्येदोत्सी’, म्हणजे ‘साक्षीदार’, २००३ चा. पुढच्या वर्षी बर्लिन महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत होता. युरित्सा पाविचिचच्या कादंबरीवर बेतलेला. १९९२ सालचं कार्लोवात्स शहर, आघाडी जवळच. तीन सैनिक एका सर्ब शेजाऱ्याच्या घराला सुरुंग लावायला जातात, माणूस घरातच असतो, मारला जातो, आणि हे पाहणारं एक मूल मागे उरतं. साऱ्या गावाला हे प्रकरण दडपायचंय. लुचेव हा त्यातल्या एकाचा भाऊ, आघाडीवरून पाय गमावून आलेला. चित्रपट त्याच रात्रीकडे पुन्हा पुन्हा परततो, दर वेळी दुसऱ्या माणसाच्या बाजूने. आईच्या भूमिकेत बेलग्रेडची मिर्याना कारानोविच आहे, आणि तिचं ते गप्प, ताठ उभं राहणं विसरता येत नाही. आपल्याच बाजूच्या गुन्ह्याकडे एवढ्या लवकर, युद्ध संपून दहा वर्षंही होत नाहीत तोवर, सरळ बघणारा हा चित्रपट आहे. त्या धैर्याचा मला फार आदर वाटतो.

आन्तोनेता अलामात कुसियानोविचच्या ‘मुरिना’ला २०२१ मध्ये कानचा ‘कॅमेरा द’ऑर’, म्हणजे सर्वोत्कृष्ट पहिल्या चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. मार्टिन स्कॉर्सेसीचं नाव कार्यकारी निर्माता म्हणून आहे. मुरिना म्हणजे खडकांच्या कपारीत राहणारा दातेरी, सापासारखा मासा. बेटावर राहणारी सतरा वर्षांची युलिया बापासोबत पाण्यात उतरून भाल्याने तो मारते. बाप लुचेव. जमीन विकायची म्हणून तो एका श्रीमंत परदेशी मित्राला घरी बोलावतो, आणि त्या पाहुण्यासमोर मुलीला कळतं की आपण किती कोंडलेले आहोत. युलिया झालेल्या ग्रात्सिया फिलिपोविचने पाण्याखालची दृश्यं अशी केलीत की ती जमिनीवर पाहुणी आणि पाण्यात घरची वाटते. एलेन लुव्हारच्या छायाचित्रणात तो निळा रंग सुट्टीचा राहत नाही, भिंतीसारखा होतो.

लुचेवचा बाप हसतो, गातो, पाहुण्याची सरबराई करतो. पाहुण्याची पाठ वळली की आवाज बदलतो. असे बाप आपल्याकडे कमी नाहीत, आणि आमच्या मंडळातल्या बायकांनी त्याला पहिल्या जेवणाच्या प्रसंगातच ओळखलं, आम्हा पुरुषांना थोडा वेळ लागला. मोठ्या पडद्याची सोय असेल आणि प्रेक्षक तरुण असतील तर ‘मुरिना’ घ्या, संवाद कमी, दृश्यं बोलतात. ‘स्व्येदोत्सी’ त्याच्या मागेपुढे होणाऱ्या मांडणीमुळे सलग, फोन बंद ठेवून बघावा लागतो.

चारही जोड्यांत न बसणारी आल्मा प्रित्सा राहिली. ‘स्व्येदोत्सी’तली पत्रकार तीच. तिच्यासाठी वेगळी संध्याकाळ काढायची तर २०१९ चा ‘दियाना बुदिसाव्ल्येविचची डायरी’ बघा. दुसऱ्या महायुद्धात उस्ताशांच्या छावण्यांतून दहा हजारांवर मुलांना, बहुतेक सर्ब मुलांना, वाचवणाऱ्या ऑस्ट्रियन बाईची ही खरी हकीकत आहे. कृष्णधवल चित्रपटात मधूनमधून तेव्हा वाचलेली, आता म्हातारी झालेली माणसं स्वतः येऊन उभी राहतात. पुला शहरातल्या रोमन रंगमंडलात १९५४ पासून भरणाऱ्या महोत्सवात त्या वर्षीचा ‘सोनेरी अरेना’ याच चित्रपटाने घेतला.

आणि मुख्य चित्रपटाआधी पंधरा मिनिटं मिळत असतील, तर नेबोयशा स्लियेपचेविचचा ‘गप्प बसू न शकलेला माणूस’ हा लघुपट दाखवाच. २०२४ चा कानचा लघुपटांसाठीचा पाम द’ऑर त्याचा आहे. २७ फेब्रुवारी १९९३, बोस्नियातलं श्त्रप्त्सी स्थानक. सर्ब निमलष्करी टोळी रेल्वे थांबवते, डब्यांतून नावं विचारत फिरते आणि सर्ब नसलेल्यांना उतरवून नेते. साऱ्या गाडीत एकच माणूस उठतो, निवृत्त लष्करी अधिकारी तोमो बुझोव. त्यालाही नेऊन मारलं गेलं. चित्रपट त्याच्या बाजूने नाही, त्याच डब्यात बसलेल्या दुसऱ्या प्रवाशाच्या बाजूने सांगितलाय. तो आहे गोरान बोगदान. तोही उठणार असतो. बोगदानचा चेहरा त्या काही मिनिटांत ज्या वाटेने जातो, ती बघण्यासाठी नुसत्या लघुपटाला बोलावलं तरी लोक येतील.

आमचा निर्णय तिसऱ्या बैठकीत झाला: मारिन्कोविचची जोडी. ताईंनी पहिल्या शनिवारी पाच मिनिटं बोलायचं कबूल केलंय. क्रमावरून थोडी घासाघीस झाली. ‘उस्ताव’ आधी लावला तर गर्दी टिकेल, असं खजिनदारांचं म्हणणं. मी ऐकलं नाही. मायाचा आवाज एकदा कानात बसला की व्हेस्नाचं गप्प राहणं प्रेक्षकाला नुसतं उदास वाटेल. उलट, एक शनिवार व्हेस्नासोबत फोनच्या दोरीवर काढल्यावर पुढच्या शनिवारी तीच बाई दवाखान्याच्या खाटेशी येऊन तोंड उघडेल आणि बडबडायला लागेल. तेव्हा सभागृहात जो सुस्कारा निघेल, तो मला ऐकायचाय.